‘नाव पडला, मॅडम’

जून लागला, शाळा उघडल्या की माझ्याकडे एका ठराविक प्रकारचे फोन सुरू होतात. पलीकडे बहुतेक वेळा आई असते. आधी तुमच्याकडे पाऊस कसा आहे वगैरे चौकशी होते, मग आवाज खाली येतो. ‘मॅडम, आमच्या झिलाक जरा बघशात?’ कोणी वर्गात पैसे उचललेले असतात, कोणी शाळेमागे सिगरेट ओढताना सापडलेला असतो, एखादी मुलगी कुणाच्या तरी बाइकवर दिसलेली असते. गोष्टी वेगवेगळ्या, पण काळजीचं वाक्य ठरलेलं: ‘ह्येच्यार आता नाव पडला. ता कसा पुसूचा?’

पोराने काय केलं, का केलं, पुन्हा करेल का, हे प्रश्न नंतर येतात. कधी कधी येतच नाहीत. आधी नाव.

सिंधुदुर्गात गेली बावीस वर्षं मी समुपदेशनाचं काम करते आहे. हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं, की प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांनी जे सांगत आले ते एकदा सलग लिहून काढावं असं वाटलं. त्यासाठी एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला दिगू म्हणू. त्याची आणि त्याच्या आईची परवानगी घेतली आहे; नाव, गाव आणि ओळख पटेल असा तपशील बदललेला आहे.

दिगू आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता, दहावीत. किनाऱ्यावरचं गाव, वडील ट्रॉलरवर खलाशी, आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायला. मे महिन्यात त्याने बंदरात लागलेल्या एका बोटीवरून डिझेलचा वीस लिटरचा कॅन उचलला आणि हजार रुपयांना विकला. दुसऱ्या दिवशी सापडला. बोटमालकाच्या माणसांनी दोन-चार ठेवून दिल्या, कोणी तरी त्याचा व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. (डिझेल स्वस्तात घेणारा गृहस्थ त्याच ग्रुपवर होता. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हाच. पण त्याला कोणी काही म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.) पोलिसांनी स्टेशन डायरीत नोंद केली, आणि शाळेच्या मुख्याध्यापकांनी आईला माझा नंबर दिला.

पहिल्या भेटीत आई तासभर बोलली. दिगू खिडकीबाहेर बघत होता. मी त्याला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं, तशी आईने त्या खुर्चीच्या पाठीला अडकवलेली आपली पर्स काढून मांडीवर घेतली. हातानेच घेतली, डोक्याला त्याचा पत्ता नव्हता. बोलणं चालूच होतं.

तिच्या सांगण्यातून जी गोष्ट उभी राहिली ती अशी. बाराव्या वर्षी दिगूने वाडीतल्या दुकानाच्या गल्ल्यातून दीडशे रुपये घेतले होते. टेनिस बॉलच्या टूर्नामेंटची वर्गणी भरायची होती, घरी मागायची सोय नव्हती. सापडला. गावकीची बैठक बसली, देवळासमोर त्याला नाक घासायला लावलं, बापाने सगळ्यांपुढे हात जोडले, पैसे परत दिले. प्रकरण मिटलं असं सगळे म्हणाले. पण त्यानंतर वाडीत जे जे हरवलं ते दिगूच्या खात्यावर जमा होऊ लागलं. घरी कपाटाला कुलूप आलं, किल्ली आईच्या मंगळसूत्रात. पाहुणे यायचे असले की त्याला मामाकडे धाडायचे. शाळेत सर वर्गाबाहेर जाताना मॉनिटरला सांगायचे, ‘त्याच्यावर लक्ष ठेव.’

तीन वर्षं. आणि मग डिझेलचा कॅन.

आईच्या मते यातून एकच सिद्ध होत होतं: गाव बरोबर होतं, रक्तातच काहीतरी होतं. मला मात्र कॅनपेक्षा ती तीन वर्षं मोठी वाटत होती. का, ते सांगायला जरा बाजूला जावं लागेल.

आपल्या मराठीत ‘नाव ठेवणं’ माणसाच्या वाट्याला दोनदा येतं. एकदा बारशाला, आत्या कानात कुर्रर्र करते तेव्हा. आणि दुसऱ्यांदा गाव नावं ठेवतं तेव्हा. शब्द एकच, आणि मला तो योगायोग वाटत नाही. दोन्ही वेळी ज्याचं नाव त्याला कोणी विचारत नाही, आणि दोन्ही नावांना माणूस हळूहळू ओ द्यायला शिकतो.

एमए करताना समाजशास्त्रात हेच दुसऱ्या भाषेत शिकले होते. हॉवर्ड बेकर नावाचा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ, स्वतः शिकागोत जाझ पियानो वाजवणारा. लोक ज्यांना वाया गेलेले म्हणत अशा वादकांच्या मैफलीत तो बसलेला होता. १९६३ साली त्याने मांडलं ते ढोबळमानाने असं: एखाद्या कृतीत गुन्हेगारपण गुळातल्या गोडीसारखं भरलेलं नसतं. कोणी तरी ती पाहतं, बोट दाखवतं, तिला नाव देतं, आणि ते नाव चिकटवण्याइतकं वजन त्याच्यापाशी असतं, तेव्हा माणूस ‘तसला’ ठरतो. त्याच्या आधी, १९५१ मध्ये, एडविन लेमर्टने पहिली चूक आणि दुसरी चूक यांत फरक केला होता. पहिली चूक हजार कारणांनी होते आणि बहुतेकांच्या हातून कधी ना कधी होतेच. दुसरी होते ती पहिलीला जे नाव पडलं त्याच्यामुळे.

हे ऐकून कोणाला वाटेल, बाई चोरीला चोरी म्हणायला तयार नाहीत. माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीचा हाच आक्षेप आहे, ‘तू सगळं समाजावर ढकलतेस.’ तसं नाही. कॅनमधलं डिझेल खरंखुरं गेलं होतं आणि ज्याचं गेलं त्याला तोटा झाला होता. पण आपल्याच किनाऱ्यावर जरा उघड्या डोळ्यांनी फिरून बघा. शिमग्याला होळीसाठी पोरं रातोरात परड्यातली लाकडं पळवतात, मालक सकाळी चार शिव्या हासडतो आणि संध्याकाळी त्याच होळीभोवती बोंब मारतो. तीच लाकडं श्रावणात गेली तर चोरी. गोव्यातून बांद्याच्या नाक्यावरून डिकीत दोन बाटल्या आणणारे सभ्य गृहस्थ माझ्या ओळखीतच डझनभर आहेत. परवान्याशिवाय ती दारू इकडे आणणं गुन्हा आहे. इतकंच काय, १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू प्यायलाही परवाना लागतो. दिगूला नाक घासायला लावणाऱ्या बैठकीतल्या किती जणांकडे तो होता, हे विचारायचा मोह मी आवरला.

नाव कोणाला चिकटतं, हाही भाग आहे. १९७३ मध्ये विल्यम चॅम्ब्लिस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने तिकडच्या एकाच शाळेतल्या मुलांच्या दोन टोळक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकात चांगल्या घरची आठ मुलं, दुसऱ्यात गरीब घरची सहा. शाळा बुडवणं, दारू, नासधूस, दोन्हीकडे भरपूर. दोन वर्षांत त्या आठांपैकी एकालाही पोलिसांनी पकडलं नाही. सहा जण मात्र कायम लफड्यात. आठ जण गाडीतून दूर जाऊन उद्योग करत आणि समोर आलेल्या पोलिसाशी अदबीने बोलत. सहा जण चौकात उभे असत. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडच्या आमराया आठवल्या. बंगल्यातल्या पोरांनी कलमावरचे हापूस पाडले तर ‘मस्तीखोर झालेत हां’, खालच्या वाडीतल्या पोराने पाडले तर ‘ह्यांची जातच तशी’. आणि हे शेवटचे शब्द नुसते तोंडात येतात असं समजू नका. १८७१ साली इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदाच केला होता. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडावं लागलं. त्या दिवशी ते लोक कागदावर ‘विमुक्त’ झाले, आणि अजूनही गावात पाल पडलं की आपण दाराची कडी तपासतोच.

असो. दिगूकडे येते.

पहिल्या तीन भेटींत तो माझ्याशी मोजून वीस शब्द बोलला असेल. ‘हां’, ‘नाय’, ‘माहीत नाय’. माझ्या पोतडीतलं सगळं वापरून झालं. चौथी भेट जुलैतली. पाऊस असा, की समोरचा रस्ता दिसत नव्हता, आणि लाइट गेली. मी मेणबत्ती आणायला आतल्या खोलीत गेले. जाण्यापूर्वी टेबलावरचा मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर लावला, किल्ली फिरवली.

मेणबत्ती घेऊन आले तर दिगू हसत होता. चार भेटींत प्रथमच.

‘तुमी पन लावल्यात,’ तो म्हणाला.

‘काय लावलं?’

त्याने नुसतं ड्रॉवरकडे बघितलं.

माझ्याकडे उत्तरं तयार होती. सवय आहे रे. मी सगळ्यांसमोरच लावते. ऑफिसचा नियम आहे. पण त्याच सकाळी एका बँक अधिकाऱ्यांच्या पत्नी येऊन गेल्या होत्या. त्या असताना मी दोनदा बाहेर गेले होते, एकदा चहा सांगायला, एकदा कुरिअर घ्यायला, आणि मोबाइल टेबलावर उघडा पडलेला होता. मला ते लख्ख आठवलं. वीस वर्षांचा अनुभव, भिंतीवर दोन प्रमाणपत्रं, आणि हात मात्र दिगूच्या आईच्या हातासारखाच वागला होता. पर्स मांडीवर घेणाऱ्या त्या बाईला पाहून मी मनात केवढी टिपणी केली होती!

मी म्हटलं, ‘हो. लावलं. आणि तुझ्यामुळेच लावलं. सकाळी दुसऱ्या बाई होत्या तेव्हा लावलं नव्हतं.’

अशा वेळी माफी मागून मोकळं व्हावंसं वाटतं. मी मागितली नाही. माफी मागितली की समोरच्यावर ‘नाय, नाय, काय नाय’ म्हणायचं ओझं येतं, आणि मुलगा पुन्हा मिटतो. मी गप्प बसले. बाहेर पन्हाळीचं पाणी पडत होतं. बऱ्याच वेळाने तो बोलला, मेणबत्तीकडे बघत:

‘सगळे म्हणततच चोर. नाय केल्यार पन चोर, केल्यार पन चोर. ता डिझेल घेतलंय तेवा निदान खोटा तरी वाटूक नाय.’

निदान खोटं तरी वाटलं नाही. तीन वर्षं अंगावर चढवलेला सदरा त्या रात्री पहिल्यांदा मापाचा झाला. लेमर्टने जे पुस्तकभर समजावलं ते या पोराने एका वाक्यात सांगितलं होतं, आणि मला ते ऐकायला मिळालं ते केवळ मी खोटं बोलले नाही म्हणून. या गोष्टीचा मला थोडा अभिमान आहे हे कबूल करते. ड्रॉवर लावल्याचा अर्थातच नाही.

पुढच्या भेटीत त्याच्यासमोर वही ठेवली. म्हटलं, तीन वर्षांत तुझ्या नावावर जे जे लागलं ते सगळं लिही, आणि समोर खरं-खोटं. अर्धा तास लिहीत होता. चौदा नोंदी निघाल्या. नारळ (पडून व्हाळातून वाहून गेले होते, खाली मासे मारणाऱ्यांना मिळाले), कोंबडा (कोल्ह्याने नेला, पिसं सापडली), एकाचा मोबाइल (सोफ्याच्या फटीत), हापूसची पेटी, सायकलचा पंप, कोणाची तरी छत्री. चौदांपैकी खऱ्या दोन, गल्ल्यातले पैसे आणि डिझेल. मी वही बंद करणार इतक्यात त्याने पेन पुन्हा मागून घेतलं आणि पंधरावी ओळ लिहिली: ‘आजीच्या चंचीतले पैसे, दहा-दहा, चारपाच येळा.’ समोर: ‘खरा.’ ही कोणाला ठाऊकच नव्हती. ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा होता त्याने, कोणी न विचारता, हिशेब पुरा केला.

त्या पानाकडे बघताना मला एक गोष्ट सुचली, जी तेव्हापासून मी प्रत्येक आईबापाला सांगते. आपण शाळेत नाम आणि क्रियापद शिकतो. ‘चोर’ हे नाम आहे, ‘चोरलं’ हे क्रियापद. क्रियापदाला काळ असतो. चोरलं म्हटलं की ते कधी तरी घडलं आणि संपलं. कधी, किती, कोणाचं असे प्रश्न विचारता येतात, भरपाई करता येते. नामाला काळ नसतो. चोर म्हटलं की तो सकाळीही चोर, झोपेतही चोर, पेपर लिहितानाही चोर. दिगूची चूक दोन-तीन क्रियापदांची होती. शिक्षा तो नामाची भोगत होता.

आईला एकटीला बोलावलं. विचारलं, ‘दिगूचं नाव कोणी ठेवलं?’

‘आत्तेन. बारशाक.’

‘आणि चोर हे नाव?’

‘दुकानवाल्यान. मगे सगळ्या गावान.’

‘घरात?’

ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, ‘घरात पयला मियाच म्हटलंय. बैठकीसून घराक इलो तेवा. तेच्या बापाशीच्या आधी.’ आणि रडली. लोकांनी आपल्याला चोराची आई म्हणण्यापूर्वी आपणच म्हणून टाकावं, म्हणजे कमी लागेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं. हे मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकलं आहे. आई निष्ठुर असते म्हणून हे होत नाही. नाव पोरावर पडतं ते घरावरून घरंगळत येतं, आणि ज्याला ते आधी लागतं तो ते पुढे ढकलतो.

वडील एकदाच आले, मासेमारीची बंदी होती म्हणून. एक जून ते एकतीस जुलै बोटी किनाऱ्यावर असतात, तेव्हाच हा माणूस घरी सापडतो. बराच वेळ खाली मान घालून बसले आणि मग एकदम उसळले. ‘माझ्या झिलान वीस लिटर डिझेल न्हेल्यान, तो चोर. शेठच्या बोटीर रातचे एलईडी लायतत, पिल्लासकट समुद्र उपसून न्हेतत. तेंका कोण चोर म्हणता?’

काय उत्तर देणार? दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये बंदी घातली. तरी अंधाऱ्या रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर शहर वसल्यासारखं दिसतं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. लहान मच्छीमार त्याला लूट म्हणतो. पण त्याचं म्हणणं चिकटत नाही, कारण चिकटवायला वजन लागतं. बेकरचा मुद्दा या माणसाने समुद्रावर शिकलेला होता. मी म्हटलं, ‘दादा, तुमचं खरं आहे. शंभर टक्के. पण हे दिगूसमोर म्हणू नका. तो यातून एवढंच घेईल की सगळेच चोर, मग मी का नको. शेठने काय केलं ते शेठच्या वहीत. दिगूच्या वहीत वीस लिटर आहे, ते तुम्ही आणि तो मिळून फेडा.’ त्यांना ते फारसं पटलं नाही. पुन्हा आले नाहीत. पण घरी तो विषय काढणं थांबवलं, असं आईने सांगितलं.

आता ज्या आया हे वाचत असतील त्यांच्यासाठी. पोराने काही केलं असेल तर ते लपवू नका आणि फुगवूही नका. काय, किती, कोणाचं, एवढं नेमकं बोला. भरपाई त्याच्या हातून होऊ द्या, त्याच्या श्रमातून झाली तर उत्तम, आणि माफी एकदाच. दर पाहुण्यासमोर, दर सणाला त्याची उजळणी नको. हरवलेल्या वस्तूचा पहिला प्रश्न त्याला विचारायचा मोह होईल, तेव्हा आधी स्वतः शोधा. ‘आता सुधारलाय हां’ हेसुद्धा चारचौघांत म्हणू नका. त्यातही जुनं नाव लपलेलं असतंच. कपाटाला कुलूप घालायचंच असेल तर ते सगळ्यांसाठी असू दे, फक्त त्याच्यासाठी असलेलं कुलूप मुलाला बरोबर ओळखू येतं. आणि चोरी पुन्हा पुन्हा होत असेल, पैशांचं काय केलं ते सांगता येत नसेल, झोप, खाणं, वागणं बदललं असेल, तर त्यामागे व्यसन, मोबाइलवरचा जुगार, कोणाची धमकी किंवा आजार असू शकतो. तिथे नावाची चर्चा पुरे, सरळ डॉक्टरांकडे जा.

कायद्याची भीती सगळ्यांना असते. ‘दाखल्यावर येईल का? पुढे पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मिळेल का?’ गंमत म्हणजे या बाबतीत कायदा गावापेक्षा शहाणा निघाला आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांखालच्या मुलाला गुन्हेगार म्हणतच नाही. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा शब्द वापरतो. जड आहे, जिभेला वळण लागतं, पण त्यात मुलगा आधी बालक आहे आणि संघर्ष त्याच्याशी लागून आलेला आहे. कलंक लावणारी भाषा वापरायची नाही आणि मुलाला नव्याने सुरुवात करू द्यायची, ही दोन तत्त्वं त्यात लिहूनच ठेवली आहेत. किरकोळ प्रकरणांत एफआयआर न करता डायरीत नोंद आणि मुलाच्या परिस्थितीचा अहवाल, अशी पद्धत नियमांत आहे. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाऊन दोष ठरला, तरी त्यामुळे पुढे अपात्र ठरवता येत नाही. मोजके गंभीर अपवाद सोडले तर नोंदीही ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. आणि अशा मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, कलम ७४, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुख्याध्यापकांनी हे कलम ग्रुपच्या ॲडमिनला शांतपणे वाचून दाखवलं, आणि तो व्हिडिओ तासाभरात गेला. दाखल्याच्या ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘चांगली’ लिहीन, असा शब्दही त्यांनी आईला दिला. दाखल्याचं वर्ष अजून यायचं होतं तरी.

कायदा नाव बदलतो तेव्हा माणसं किती लवकर बदलतात, हे मी माझ्याच खुर्चीतून पाहिलं आहे. पूर्वी कोणी विष घेतलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ‘पोलीस केस होईल का?’ २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितलं, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. आता निदान काही घरं थेट विचारतात, उपचार कुठे करायचे.

पण नुसतं जुनं नाव काढून भागत नाही, जागा रिकामी राहिली तर तेच परत येऊन बसतं. चॅम्ब्लिसच्या त्या सहा बदनाम पोरांपैकी दोघांना फुटबॉलमुळे कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. दुसरं नाव मिळालं, आणि पहिलं मागे पडलं. दिगूसाठी हे दुसरं नाव मी शोधलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ते शोधलं त्याच्या आजीने, चंचीवाल्या. नारळी पौर्णिमेनंतर तिने त्याला रापणीवर धाडलं. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी: होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर पंचवीस-तीस माणसं ओढत आणतात. मग वाळूवर वाटे पडतात. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. तू कोण, कोणाचा, मागे काय केलंस, हे दोर विचारत नाही. पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी उभं राहायला कोणी तयार नव्हतं म्हणे, म्हणून तो अगदी शेवटी, दोराच्या टोकाला. आठवड्याने ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मिळालेले बांगडे आजी विकायची, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत डिझेलचे पैसे फिटले. शेठच्या माणसाने ते न मोजता खिशात घातले. दिगूला याचं जरा वाईट वाटलं. त्याला मोजून घ्यायला हवे होते.

दिगूचं सगळं छान झालं असं नाही. दुकानदार अजून त्याला गल्ल्यापासून हातभर लांब उभा करतो. दहावीला गणितात राहिला, पुरवणी परीक्षेत सुटला. आता आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स करतो आहे. या योगावर हसायची परवानगी त्यानेच मला दिली.

मागच्या महिन्यात त्याच्या आईचा फोन आला. पावसाची चौकशी वगैरे झाल्यावर म्हणाली, ‘मॅडम, माझी सोन्याची कुडी हरावली होती. दोन दिस शोधलंय.’

‘दिगूला विचारलंत?’

‘नाय. पन खोटा कित्याक सांगू, पयलो इचार तोच इलो. तोंडातसून भायर पडूक दिलंय नाय इतक्याच.’

‘मग? मिळाली?’

‘मेळली. माझ्याच उशीच्या अभ्र्यात.’